दुसरी चढण

२९ मे १९६५ चा दिवस. एव्हरेस्टच्या माथ्यावर तीन भारतीय गिर्यारोहक उभे होते : फू दोरजी, हरीशचंद्र रावत आणि सैन्यातील तरुण अधिकारी हरिपालसिंग अहलुवालिया. एम. एस. कोहली यांच्या नेतृत्वाखालील त्या मोहिमेचे एकूण नऊ जण शिखरावर पोहोचले आणि साऱ्या देशाने त्यांना डोक्यावर घेतले. अहलुवालियांनी तेव्हा वयाची तिशीही गाठली नव्हती.

काही महिन्यांतच पाकिस्तानशी युद्ध पेटले. त्यात अहलुवालियांच्या मानेत गोळी घुसली आणि मज्जारज्जूला इजा झाली. जे पाय एव्हरेस्ट चढून आले होते, ते आता अंथरुणात कूस बदलायलाही उपयोगी पडेनात. आधी भारतात उपचार झाले आणि मग त्यांना इंग्लंडला, स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयात पाठवण्यात आले.

परदेशी पाठवायचे म्हटले की घरच्यांच्या मनात एकच आशा असते : तिथे काहीतरी नवे यंत्र असेल, एखादे जादूचे औषध असेल. स्टोक मँडव्हिलमध्ये तसे काहीच नव्हते. तिथे होती ती शिस्त.

या रुग्णालयातील मज्जारज्जू विभाग १ फेब्रुवारी १९४४ रोजी डॉ. लुडविग गुटमन यांनी सुरू केला. ते ज्यू होते. नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडून १९३९ मध्ये ते इंग्लंडला आले होते. त्या काळी असा रुग्ण आला की डॉक्टरही आशा सोडून देत. रुग्ण दगावत तो बहुधा मूळ इजेने नव्हे, तर पडून पडून पाठीला झालेल्या जखमांमुळे आणि मूत्रमार्गाच्या संसर्गामुळे. गुटमन यांनी नियम घातला : रात्र असो वा दिवस, दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदललीच पाहिजे. इतक्या साध्या गोष्टीने असंख्य जीव वाचले.

जीव वाचला की खरे कष्ट सुरू होत. बरेच दिवस आडवे राहिलेल्या रुग्णाला एकदम बसवले तर रक्तदाब उतरून घेरी येते. म्हणून त्याला थोडे थोडे करून वर उठवावे लागते. निर्जीव झालेले सांधे आखडू नयेत म्हणून रोज हलवावे लागतात. शिल्लक राहिलेल्या स्नायूंकडून मात्र दुप्पट काम करून घ्यायचे. मानेतील इजा जितकी खाली, तितकी हातांत ताकद अधिक उरते. कोपर सरळ करणारा स्नायू शाबूत असेल, तर दोन्ही हातांच्या रेट्यावर शरीर उचलून खाटेवरून चाकांच्या खुर्चीत जाणे शिकता येते. ऐकायला सोपे वाटते. पण हे एवढेसे अंतर ओलांडायला महिनेच्या महिने लागू शकतात.

गुटमन यांनी या कष्टांत खेळ आणला. चेंडू, धनुष्यबाण, पोहणे. बाण ओढताना खांदे आणि पाठ बळकट होते, बसताना तोल सांभाळता येतो आणि मुख्य म्हणजे माणूस पुन्हा कोणाशी तरी चुरस करू लागतो. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. आजच्या पॅरालिंपिकचे मूळ तिथे आहे. त्याच युद्धात जखमी झालेले आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांनीही व्यायाम म्हणून पोहणे धरले आणि १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्गला ५० मीटर शर्यतीत सुवर्णपदक मिळवले.

अहलुवालिया इंग्लंडहून परतले ते चालत नव्हे, चाकांच्या खुर्चीतूनच. मग उपचार वाया गेले का? त्यांच्या पुढच्या आयुष्याने याचे उत्तर दिले. आपली कहाणी त्यांनी ‘हायर दॅन एव्हरेस्ट’ या पुस्तकात सांगितली. एव्हरेस्टहूनही उंच शिखर माणसाच्या मनात असते, हे त्यांचे म्हणणे होते. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. जे आपल्याला परदेशी जाऊन मिळाले, ते इथल्या गरीब रुग्णाने कुठून आणायचे? हा प्रश्न त्यांना बोचत राहिला. वर्षानुवर्षे खटपट करून त्यांनी दिल्लीत वसंतकुंज येथे इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर उभे केले. २००२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. जानेवारी २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. रुग्णालय मात्र आजही काम करीत आहे.

त्यांच्या कहाणीतून प्रत्येक घराने घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली, अपघाताच्या क्षणाची. झाडावरून, जिन्यावरून किंवा गाडीवरून पडलेल्या माणसाची मान दुखत असेल किंवा हातापायांना मुंग्या येत असतील, तर त्याला उठवून बसवू नका, पाणी पाजू नका, रिक्षात कोंबू नका. शक्यतो रुग्णवाहिका येईपर्यंत हलवूच नका. हलवणे भागच पडले, तर एकाने डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे आणि इतरांनी मान व पाठ एका रेषेत ठेवून त्याला सपाट फळीवर घ्यावे.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. आपल्याकडे मायेपोटी रुग्णाला घास भरवला जातो, पेलाही हातात दिला जातो. ‘तू पडून राहा, आम्ही आहोत ना’ असे आई म्हणते. पण शर्टाचे एक बटण लावायला त्याला वीस मिनिटे लागत असतील, तर ती वीस मिनिटे त्याची आहेत. शेजारी बसा, धीर द्या, बटण मात्र त्यालाच लावू द्या. स्टोक मँडव्हिलची शिस्त होती ती हीच, आणि तिच्यासाठी विमानाचे तिकीट लागत नाही.