निवेदन : दारूमुक्तीच्या सभेचा पत्ता आणि तालुक्याला जागा मिळण्याबाबत

दिनांक : २६ जून

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
सातारा

विषय : दारू सोडू इच्छिणाऱ्यांना व त्यांच्या कुटुंबीयांना मदत-समूहाची माहिती आणि सभेसाठी जागा तालुकास्तरावर उपलब्ध करून देण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे दारूपासून दूर राहत असलेले नागरिक आणि त्यांचे कुटुंबीय आहोत. कोणत्याही संस्थेच्या वतीने नव्हे, तर व्यक्तिशः हे निवेदन देत आहोत.

दारू सोडता येते, हे आम्ही आमच्या घरांत पाहिले आहे. कठीण असते ते सुटलेली दारू सुटलेलीच ठेवणे. औषधोपचाराने थरथर थांबते, झोप लागते, भूक परत येते. रुग्ण घरी येतो आणि संध्याकाळ झाली की ओढ पुन्हा उठते. त्या वेळी उपदेश नको असतो. याच वाटेने गेलेला माणूस समोर हवा असतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेत तो भेटतो. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन शहरात दोन मद्यपींच्या भेटीतून सुरू झालेल्या या चळवळीत यायला एकच अट आहे : दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, जात-धर्म विचारला जात नाही, नाव बाहेर जात नाही. ‘फक्त आजचा दिवस प्यायची नाही’ एवढाच निश्चय रोज करायचा असतो. कुटुंबीयांसाठी अल-अनॉन हा वेगळा समूह आहे.

२०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने अशा समूहांवरील २७ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांत दहा हजारांहून अधिक लोक सहभागी होते. उपचारातूनच अशा समूहाशी पद्धतशीर जोडून दिलेले लोक, इतर मान्य उपचारांच्या तुलनेत, अधिक प्रमाणात सलग दारूमुक्त राहिल्याचे त्यात दिसले. दुसरीकडे, केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काहीतरी उपचार मिळतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मद्याच्या गैरवापराशी निगडित मनोविकारांनाही मानसिक आजार मानतो आणि शासकीय सेवा मिळण्याचा हक्क देतो. हा हक्क गावापर्यंत पोहोचलेला नाही. दवाखान्यातून सोडताना ‘पुन्हा पिऊ नका’ असे सांगितले जाते. कुठे जायचे, कोणत्या वारी, किती वाजता, हे सांगितले जात नाही. सभा प्रामुख्याने शहरांत भरतात. दहिवडीहून साताऱ्याला येऊन जायचे तर शेतमजुराचा दिवस बुडतो, आणि संध्याकाळची सभा संपेपर्यंत परतीच्या एसटीची चिंता लागते.

म्हणून आमच्या मागण्या :

१. जिल्हा, उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत जवळच्या सभेचे ठिकाण, वार व वेळ ठळक लावावी. डिस्चार्ज कार्डावर ही माहिती लिहून द्यावी. रुग्णाची संमती असेल तर तो दवाखान्यात असतानाच समूहातील एखाद्याशी त्याची भेट घालून द्यावी.

२. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी शाळेची किंवा पंचायत समितीची एक खोली आठवड्यातून ठरलेल्या संध्याकाळी दीड तास मिळावी. समूह बाहेरून देणगी घेत नाहीत, सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीवरच चालतात. त्यामुळे अनुदान नको. नाममात्र भाडे घेऊन पावती द्यावी. वार व वेळ वारंवार बदलू नये. चुकलेली एक सभा नवख्या माणसाला महाग पडते.

३. पिणाऱ्या स्त्रिया लाजेपोटी पुढे येत नाहीत. त्यांच्यासाठी आणि अल-अनॉनच्या सभांसाठी दुपारची वेळ व सुरक्षित जागा द्यावी.

४. रोज पिणाऱ्याने एकाएकी थांबवले तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. सभा हा औषधाला पर्याय नाही. ग्रामीण रुग्णालयांत या अवस्थेची औषधे व प्रशिक्षित डॉक्टर असावेत.

५. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका व पोलीस पाटील यांना सभांची यादी द्यावी. मात्र कोणावर सक्ती करू नये, हजेरी मागू नये, सभेचे फोटो काढू नयेत. दारूमुक्तांचे जाहीर सत्कारही टाळावेत. गुप्ततेची खात्री असेल तरच नवा माणूस दार उघडून आत येतो.

६. नशामुक्तीच्या १४४४६ आणि टेलिमानसच्या १४४१६ या हेल्पलाइनकडे जिल्ह्यातील सभांची अद्ययावत यादी कळवावी. दर तीन महिन्यांनी ती तपासावी.

या मागण्यांना मोठा खर्च नाही. नशामुक्त भारत अभियानाच्या जिल्हा समितीचे अध्यक्षपद आपल्याकडे आहे. समितीच्या पुढील बैठकीत हा विषय घ्यावा, १५ ऑगस्टच्या ग्रामसभांत सभांची यादी वाचून दाखवावी आणि २ ऑक्टोबरपर्यंत प्रत्येक तालुक्यात एक खोली निश्चित करावी, ही विनंती. जागा शोधण्यापासून यादी तयार करण्यापर्यंत लागेल ते काम करायला आम्ही तयार आहोत. चर्चेसाठी आपण वेळ द्यावा. दारू सोडायची इच्छा झालेल्या माणसाला त्याच आठवड्यात, आपल्याच तालुक्यात बसायला जागा मिळाली पाहिजे.

कळावे,

आपले नम्र,
सातारा जिल्ह्यातील दारूमुक्त नागरिक व कुटुंबीय

सोबत : सह्यांची यादी, बंद पाकिटात (नावे गोपनीय ठेवावीत)

प्रत माहितीसाठी :
१. मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, सातारा
२. मा. जिल्हा शल्यचिकित्सक, सातारा