नोंद नाही, तर साथही नाही

साथरोगांची माहिती लगेच वर पोचावी म्हणून केंद्र सरकारने ५ एप्रिल २०२१ रोजी ‘आयएचआयपी’ हे नवे पोर्टल सुरू केले. सुरू झाले तेव्हा त्यात ३३ आजारांची नोंद होत होती. पण आपल्या वस्तीतला ताप तिथे दिसतो का? आम्ही घरोघरी फिरतो तेव्हा कळते, लोक गल्लीतल्या डॉक्टरकडे सुई घेतात, रक्त तपासत नाहीत. मग नोंद कुठून होणार? नोंद नाही म्हणजे कागदावर साथ नाही. मग फवारणीला, पाणी तपासायला कोण येणार?

बंधू-भगिनींनो, दोन-तीन घरांत ताप किंवा जुलाब दिसले, की त्याच दिवशी आशाताईंना सांगा. सरकारी दवाखान्यात तपासणी करा. आपल्या वॉर्डाचे आकडे मागा. मोजले जाणे हाही आपला हक्क आहे. जयभीम!