परवाना हवा, पळवाट नको

वृद्धाश्रम आणि वृद्धांना दिवसभर सांभाळणारी केंद्रे यांची नोंदणी सक्तीची करावी असे कोणी म्हटले, की बाजारपेठेचे कैवारी लगेच 'परवानाराज परत आले' अशी हाकाटी सुरू करतात. सिमेंट आणि स्कूटरसाठी लावलेल्या रांगा लोकांच्या स्मरणात असल्यामुळे हा युक्तिवाद पटतोही. वस्तुतः तो फसवा आहे.

स्कूटर पसंत न पडली तर ग्राहक दुसऱ्या दुकानात जातो. वृद्धाश्रमात पैसे मोजणारा मुलगा दूर शहरात वा परदेशात असतो आणि सेवा घेणारी आई अंथरुणाला खिळलेली असते. निकृष्ट जेवण, रात्रभर न बदललेली चादर, गप्प राहावी म्हणून दिलेली झोपेची गोळी यांची खबर पैसे मोजणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. पोहोचली तरी आईला हलवायचे कोठे, हा प्रश्न उरतोच. ज्याला दुकान बदलता येत नाही त्याचे रक्षण स्पर्धा करू शकत नाही. तेथे तपासणीचा अधिकार असलेली सार्वजनिक यंत्रणाच हवी.

बालकांच्या बाबतीत हे तत्त्व देशाने मान्य केले आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने निराधार मुलांना ठेवणाऱ्या संस्थांना नोंदणी सक्तीची केली आणि ती न करणाऱ्यास शिक्षा ठेवली. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थासाठी झालेल्या २००७ च्या केंद्रीय कायद्यात मात्र वृद्धाश्रमांवर अशी सक्ती नव्हती. २०१९ साली लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात वृद्धाश्रम, दिवसाची केंद्रे आणि घरी येऊन शुश्रूषा करणाऱ्या संस्था या तिन्हींच्या नोंदणीची तरतूद होती. ते स्थायी समितीकडे गेले आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित होताच रद्दबातल झाले. साडेचार वर्षांत सरकारला त्यासाठी सवड झाली नाही!

परंतु नुसत्या परवान्याने प्रश्न सुटत नाही. नियम कडक झाले की धनिकांचे वृद्धाश्रम त्यांचा खर्च शुल्कात मिळवतील. तालुक्याच्या गावची छोटी संस्था तो न झेपून कुलूप लावील. मग तेथील म्हाताऱ्यांनी जावे कोठे?

उत्तर २००७ च्याच कायद्याच्या कलम १९ मध्ये आहे: प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय असलेला निदान एक वृद्धाश्रम. मात्र राज्य सरकार तो स्थापन 'करू शकेल', 'करील' नव्हे. या एका क्रियापदाच्या आडोशाला शासने निवांत बसली. जिल्ह्याजिल्ह्यांत वृद्धाश्रम आहेत तरी किती, याची माहिती राज्यांकडून गोळा करा, असे २०१८ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला बजावावे लागले.

२०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेले लोक दहा कोटींहून अधिक होते. त्यांतील बहुसंख्यांचे आयुष्य शेतात, बांधकामावर, परक्यांच्या स्वयंपाकघरात गेले. त्यांना निवृत्तिवेतन नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. त्यांच्यापुढे एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणे ही क्रूर थट्टा आहे.

म्हणून नोंदणी सक्तीची हवी आणि तपासणीचे अहवाल जाहीर हवेत; छोट्या संस्थांना दर्जा गाठण्यासाठी अनुदान आणि तेथे राबणाऱ्या आयांना किमान वेतन हवे. आणि सर्वांआधी कलम १९ मधील 'करू शकेल' पुसून तेथे 'करील' लिहिले पाहिजे. हक्क कायद्यात लिहायचा आणि कर्तव्य शासनाच्या मर्जीवर सोडायचे, याला कल्याणकारी राज्य म्हणत नाहीत.