स्फटिक प्रयोगशाळेतच का थांबतो?

कार्यालयाच्या जिन्यात पाऊल पडताच दिवा लागतो आणि माणूस निघून गेल्यावर काही वेळाने आपोआप विझतो. ही किमया करणाऱ्या डबीतील कळीचा भाग म्हणजे नखापेक्षाही लहान असा स्फटिकाचा अथवा सिरॅमिकचा तुकडा होय. मानवी शरीरातून अदृश्य अवरक्त किरण सतत बाहेर पडत असतात. त्यांनी हा तुकडा किंचित तापला की त्याच्या पृष्ठभागांवर विद्युतभार प्रकटतो. मात्र भार निर्माण होतो तो तापमान बदलत असेपर्यंतच. म्हणूनच खुर्चीत निश्चल बसलेल्या माणसाची दखल हा संवेदक घेत नाही व दिवा मालवतो.

हा गुणधर्म नवा नाही. तापवलेला टुरमलीन राख ओढून घेतो, हे अठराव्या शतकाच्या आरंभी डच व्यापाऱ्यांनी ते रत्न सिलोनहून युरोपात नेले तेव्हाच ध्यानात आले होते. १८२४ साली डेव्हिड ब्रूस्टर यांनी त्याला 'पायरोइलेक्ट्रिसिटी' हे नाव दिले. रत्न पूर्वेचे आणि त्यावरील शास्त्र पश्चिमेचे, ही विभागणी आजही पुरती पुसली गेलेली नाही.

भारतात या विषयाचे ज्ञान नाही, असे मात्र मुळीच नाही. ट्रायग्लिसीन सल्फेटचे स्फटिक पाण्याच्या द्रावणातून वाढविता येतात. स्थिर तापमानाची टाकी आणि चिकाटी एवढे भांडवल त्यास पुरते. आपल्या विद्यापीठांतून अनेक दशके हे कार्य चालू आहे व त्यावर प्रबंधही लिहिले गेले आहेत. परंतु हा स्फटिक ओलाव्याने बिघडतो आणि ४९ अंश सेल्सिअसला आपला गुण गमावतो. सहाशे अंशांपर्यंत टिकणारा लिथियम टँटलेट सोळाशे अंशांहून अधिक तापलेल्या रसातून ओढावा लागतो. तेथे भट्टी, मौल्यवान धातूची मूस आणि अखंड वीज लागते. प्रबंध संपतो आणि कारखाना सुरू होतो, त्या दोहोंमधील दरी ही अशी आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने अर्धवाहक उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तीत संवेदकांच्या कारखान्यांनाही साहाय्य मिळू शकते, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तथापि कारखाना उभारूनही त्यातील द्रव्य परदेशातूनच आणावयाचे असेल, तर आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

जिन्यातील दिव्याचा संवेदक स्वस्तात आयात होत असताना हा खटाटोप कशासाठी, असा आक्षेप घेतला जाईल. सर्वच वस्तू देशात बनवाव्यात हा हट्ट अर्थशास्त्राला धरून नाही, हे मान्यच केले पाहिजे. परंतु याच जातीची द्रव्ये ज्वाला ओळखणाऱ्या व वायूंचे पृथक्करण करणाऱ्या उपकरणांतही वापरली जातात. शिवाय उच्च प्रतीच्या अवरक्त साधनांवर अनेक राष्ट्रांचे निर्यात-निर्बंध आहेत. टँटलमचा मोठा पुरवठा काँगो व रवांडा या अशांत टापूतून होतो, हेही विसरता येत नाही. टंचाई उद्भवली की पैसा असूनही माल मिळत नाही.

तेव्हा गरज आहे ती घोषणांची नव्हे, तर निश्चित ग्राहकाची. तेलशुद्धीकरण कारखाने, अग्निशमन दले यांसारख्या सार्वजनिक संस्थांनी काही वर्षांच्या खरेदीची हमी द्यावी. संशोधकाचे मोल केवळ निबंधांच्या संख्येवर न ठरविता उपयोगी पडलेल्या स्फटिकावरही ठरवावे. घाईने वाढविलेला स्फटिक तडकतो. धोरणाचेही तसेच आहे. फरक इतकाच की, धोरणाला गेलेला तडा उशिरा दिसतो.