हप्त्याविना घरचा कम्प्युटर

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. कॉलेज कोणते घ्यावे, आणि कम्प्युटर कोणता घ्यावा? पहिल्या प्रश्नाला खानदानातले दहा जण उत्तर देतात. दुसऱ्याचे उत्तर दुकानदार देतो, आणि त्याच्याकडे जो माल पडून आहे तो आपल्या घरी येतो. म्हणून या महिन्यात विषय थोडा रूक्ष वाटला तरी सुट्या भागांबद्दलच लिहीत आहोत.

घरासाठी आम्ही लॅपटॉपपेक्षा डेस्कटॉप सुचवतो, हे आधीच सांगून टाकतो. लॅपटॉप मोठ्या मुलाच्या दप्तरात जातो आणि मग तो त्याचाच होतो. डेस्कटॉप हॉलमध्ये राहतो. सकाळी मुलगी टायपिंगचा सराव करते, दुपारी अम्मी बिले भरते, रात्री अब्बूंच्या धंद्याचा हिशोब होतो. ज्या घरात मोबाईल भावाच्या हातात आणि बहिणीने "दोन मिनिटे दे" म्हणत मागे फिरायचे अशी रीत आहे, तिथे हॉलमधला कम्प्युटर मुलीला तिचे हक्काचे दोन तास देतो. एमएस-सीआयटी असो की मराठी ३० शब्दांची शासकीय टायपिंग परीक्षा, क्लासमधल्या एका तासाने बोटे तयार होत नाहीत. घरी सराव लागतो.

दुसरे कारण पैशाचे आहे. लॅपटॉप सगळे पैसे एकदम मागतो. डेस्कटॉप हा सुट्या भागांचा संसार असतो, तो हळूहळू मांडता येतो. जे नंतर बदलणे जड जाते ते आज रोखीने चांगले घ्यावे, आणि जे नंतर सहज जोडता येते ते पुढच्या बोनसवर, भिशीवर किंवा ईदीवर सोडावे. आमचे म्हणणे एवढेच आहे. बाकी सगळा तपशील.

हे सांगायची गरज का पडते? दुकानात आता पहिला प्रश्न "बजेट किती?" असा नसतो, "कार्ड कोणते?" असा असतो. नो कॉस्ट ईएमआय हा शब्द ऐकून आपली माणसेही म्हणतात, व्याज नाही ना, मग काय हरकत आहे? क्रेडिट कार्डाचे स्टेटमेंट उघडून पाहा. तिथे दरमहा व्याजाची वेगळी ओळ असते आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटीही असतो. दुकान किंवा कंपनी तेवढीच रक्कम किमतीतून आधी वजा करून दाखवते, म्हणून बेरीज सारखी दिसते. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३च्या परिपत्रकात कार्डावरच्या शून्य टक्के योजनांमध्ये व्याज झाकलेले असते, याकडे बँकांचे लक्ष वेधले होते. असा व्यवहार चालतो की नाही हे आपल्या मोहल्ल्यातल्या आलिमांना विचारा, आम्ही मुफ्ती नाही. पण त्यांच्यासमोर ते स्टेटमेंट ठेवून विचारा. नुसते "नो कॉस्ट आहे" म्हणून विचारलेत तर प्रश्नच अर्धा राहील.

आता बाजारात येऊ. नौपाड्यात गोखले रोड, राम मारुती रोड आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत राबोडी, कळवा, मुंब्रा, कौसा इथून मुलांना घेऊन आलेले पालक दिसतात. मुलाची नजर काचेच्या कॅबिनेटवर असते. आत लाल-निळे-हिरवे पंखे फिरत असतात. वर चिठ्ठी असते: "आय-सेव्हन, १६ जीबी, गेमिंग." किंमत ऐकून वडिलांना आश्चर्य वाटते, एवढे स्वस्त? असे मशीन कोणत्याही बाजारात भेटते, ठाण्यातच असे नाही. त्या चिठ्ठीवर एक आकडा मुद्दाम लिहिलेला नसतो. तो विचारून घ्यायचा.

इंटेलच्या आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन या नावांपुढे एक आकडा असतो. आय-सेव्हन ३७७० मधला पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी, साल २०१२. आय-थ्री १२१०० मधले पहिले १२ म्हणजे बारावी पिढी, साल २०२२. नाव ऐकून आय-सेव्हन मोठा वाटतो, पण रोजच्या कामात दहा वर्षांनी धाकटा असलेला आय-थ्री त्याला मागे टाकतो आणि वीजही कमी घेतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे विंडोज ११साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर धरले आहेत, आणि विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे २०१२चे इंजिन नव्या झगमगत्या डब्यात घालून आपल्याला दिले, तर त्यावर विंडोज ११ रीतसर चढत नाही.

मदरबोर्डच्या नावात तर आणखी गंमत आहे. त्या जुन्या प्रोसेसरच्या बोर्डावर एच-६१ लिहिलेले असते. बाराव्या पिढीच्या स्वस्त बोर्डावर एच-६१० असते. एका शून्याचा फरक. एच-६१ हे २०११चे आणि एच-६१० हे २०२२चे, म्हणजे त्या शून्याची किंमत अकरा वर्षे झाली. गणिताच्या पेपरात शून्य विसरले तर मार्क जातो, इथे घरचे पैसे जातात.

दुकानात मशीन चालू असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या परफॉर्मन्समध्ये प्रोसेसरचे पूर्ण नाव दिसते. दहावीतली मुलगीसुद्धा हे करू शकते, आणि तिलाच करू द्या. मदिनेच्या बाजारात हजरत मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओल लागली, तो प्रसंग आपण मुलांना सांगतो. ओले धान्य वर ठेवायला सांगितले गेले, म्हणजे घेणाऱ्याला दिसेल. जुना माल विकणे हा गुन्हा नाही. ढिगाच्या आत ठेवणे हा आहे.

आणि जुना माल नेहमीच वाईटही नसतो. हातात पंधरा-सोळा हजारच असतील तर ऑफिसातून निघालेले आठव्या पिढीचे मशीन, उदाहरणार्थ आय-फाइव्ह ८५००चे, वॉरंटीसह मिळाले तर आम्ही घ्या म्हणू. त्यात सहा कोअर आहेत आणि विंडोज ११ चालते. फक्त एक ध्यानात ठेवा. मोठ्या कंपन्यांच्या अशा मशीनमध्ये बोर्ड आणि एसएमपीएस बहुधा त्यांच्या स्वतःच्या मापाचे असतात, म्हणून पुढे भाग बदलायला गेलात तर बाजारातला साधा भाग बसत नाही.

नवे जोडायचे असेल तर प्रोसेसर आणि बोर्ड यांची जोडी प्रथम ठरवा. आय-थ्री १२१०० आणि एच-६१० ही घरगुती कामाला पुरून उरणारी जोडी आहे. बोर्डाचे बायोस अद्ययावत केले तर त्यावर तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसरही बसतो, म्हणजे चार वर्षांनी मुलगा इंजिनिअरिंगला गेला तर बोर्ड न बदलता मोठा प्रोसेसर टाकता येईल. मात्र नावाच्या शेवटी इंग्रजी "एफ" असलेला घेऊ नका. एफवाला थोडा स्वस्त मिळतो, कारण त्यात चित्र दाखवणारा भाग बंद असतो आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते. ओळखीतल्या एका मुलाने शंभर-शंभरचा हिशोब करून एफ मागवला, सगळे जोडले, आणि पडदा काळाच राहिला. एएमडीच्या रायझन ५६००मध्ये याच्या उलट आहे: शेवटी "जी" असेल तर चित्र दिसते, नसेल तर कार्ड घ्यावे लागते.

रॅम निदान ८ जीबी. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव जगभर चढले आहेत, कारण एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप तिकडे ओढल्या. म्हणून आम्ही येथे भावाचा तक्ता देत नाही, अंक छापून हाती पडेपर्यंत तो खोटा ठरेल. आज ८ जीबीची एकच पट्टी घ्या आणि दुसरा खाचा रिकामा ठेवा. भाव उतरले की तशीच दुसरी पट्टी बसवा, वेग वाढल्याचे जाणवेल. एच-६१० बोर्ड डीडीआर-४चा आणि डीडीआर-५चा असा दोन प्रकारचा मिळतो. एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. बिल करण्याआधी दोन्हींवरचे आकडे जुळवून पाहा.

साठवणीसाठी एसएसडीच घ्या. २५६ जीबी चालेल, ५१२ उत्तम. घरात बंद पडल्यासारखा रांगणारा जुना कम्प्युटर असेल तर त्याची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवून पाहा, कदाचित नवे घ्यायची गरजच पडणार नाही.

ज्या भागावर सगळे काटकसर करतात आणि करू नये, तो एसएमपीएस. हाच वीज वाटतो, आणि जळाला तर सोबत बोर्डही नेऊ शकतो. कॅबिनेटसोबत "४५० वॅट" लिहिलेला एक हलका डबा फुकट येतो. तो उलटा करून त्यावरचा तक्ता वाचा. १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिले आहेत? समजा १४ आहेत. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. प्रोसेसर खातो ते मुख्यतः या १२ व्होल्टच्या ओळीतूनच, मग ४५० मधले उरलेले कुठे गेले? दहावीच्या विज्ञानात शिकवलेले सूत्र, एवढ्या चांगल्या उपयोगाला दुसरीकडे क्वचित येते. चांगल्या कंपनीचा, ८० प्लसची खूण असलेला ४५० वॅटचा घ्या. बारा-शून्यवाला प्रोसेसर जास्तीत जास्त ८९ वॅट घेतो, त्यामुळे याहून मोठा घ्यायची गरज नाही. आणि घरातल्या तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या इमारतींत तिसरे भोक नुसते शोभेचे असते. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात ते यामुळेच.

कॅबिनेट साधे, हवा खेळणारे. कीबोर्ड-माऊस कोणतेही. मॉनिटर पहिल्या टप्प्यात नाही घेतला तरी चालेल, हॉलमधल्या टीव्हीला एचडीएमआय केबल लावा. अक्षरे मॉनिटरइतकी स्वच्छ दिसणार नाहीत आणि टीव्हीवरून भांडणे होतील, पण सहा महिने निघतात.

मशीन तयार झाले की जोडणारा मुलगा विचारतो, "विंडोज, ऑफिस, इनपेज, सगळे फुल लोड करून देऊ?" फुकट. चोरीचे सॉफ्टवेअर ही चोरीच आहे, आणि त्याच्यासोबत व्हायरसही येतात. विंडोज विकत घ्यायचे पैसे आज नसतील तर उबुंटू टाका. त्यात लिहिण्यासाठी आणि हिशोबासाठी लिब्रेऑफिस मोफत आहे. उर्दूसाठी इनपेजच हवे ही समजूतही आता जुनी झाली. इनपेज १९९०च्या दशकात आले तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. आज विंडोज आणि उबुंटू दोन्हीत उर्दू व मराठीचे कीबोर्ड सेटिंगमधून चालू होतात आणि गुगलचा नोटो नस्तालीक उर्दू फॉन्ट मोफत मिळतो. एकाच पानावर दादीच्या दुआ उर्दूत आणि नातीचा निबंध मराठीत लिहिता येतो, आणि तो मोबाईलवर पाठवला तरी अक्षरे मोडत नाहीत.

खरेदी नौपाड्यात करावी की लॅमिंग्टन रोडला? लॅमिंग्टन रोडला, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, दुकाने एकाला लागून एक आहेत, त्यामुळे भाव ताडता येतो. पण भाग बिघडला तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडपर्यंतची फेरी आणि बुडालेला दिवसही किमतीत धरा. फरक पाच-सातशेचा असेल तर घराजवळचे दुकान बरे. कुठेही घ्या, प्रोसेसर डब्यातला घ्या. इंटेलच्या डब्यातल्या प्रोसेसरवर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते आणि १२१००सोबत पंखाही येतो. डब्याविना मिळणाऱ्या "ट्रे"च्या नगाला बहुधा दुकानदाराच्या शब्दाचीच हमी असते. बिल जीएसटीचे, आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहिलेला हवा. "बिल नको असेल तर कमी करतो" असे कोणी म्हणाले तर वॉरंटीही कमी होते.

मुंबईला जायचे ठरलेच तर मुलीला सोबत न्या, कागदावर भागांची नावे आणि आकडे तिच्या हाताने लिहून. रविवारी तिथली बहुतेक दुकाने बंद असतात, तेव्हा शनिवारीच निघा.