तांबडी शाई

परवा पापडीला एका हळदीला गेलो होतो. जेवणे उरकली आणि अंगणात 'तांबडी चामडी' हे गाणे लागले. नवरदेवाची आजी पदर खोचून उठली, तिच्यामागून सुना उठल्या, नाती उठल्या. घटकाभरात खुर्चीवर बसलेला असा मी एकटाच उरलो. मराठीच्या प्राध्यापकाने असल्या गाण्यावर हलू नये, असा आपला माझा समज. बुटातल्या अंगठ्याने मात्र केव्हाच ठेका धरला होता. त्याचे एम. ए. झालेले नाही, दुसरे काय!

ज्या थोड्या वाचकांच्या कानांवर हे गाणे पडले नसेल, त्यांच्यासाठी सांगतो. ते २०२४ साली निघाले. संगीत कृणाल घोरपडे यांचे. बाजारात ते 'क्रेटेक्स' या नावाने ओळखले जातात. त्यावर रॅप, म्हणजे ठेक्याच्या अंगाने झपाझप बोललेली यमके, श्रेयस सागवेकर यांच्या आवाजात. आणि ते काढले कोणी, तर 'स्पिनिन रेकॉर्ड्‌स' या डच कंपनीने! ज्या वसईतून चिमाजीअप्पांनी १७३९ साली फिरंग्यांना घालवले, तिथल्या हळदीत मराठी शब्द हॉलंडच्या गलबतातून उतरावेत, ही गंमतच म्हणायची.

गंमत आणखी एक आहे. 'तांबडा' हा तांब्याच्या कुळातला जुना, कसदार शब्द. पण माझ्या वर्गातल्या मुलांचा रंग 'रेड' असतो, फार तर 'लाल'. तांबडे फुटते तेव्हा ती झोपलेली असतात आणि तांबडा रस्सा कोल्हापुरास राहिला. पंधरा वर्षे मी या शब्दाची व्युत्पत्ती फळ्यावर लिहीत आलो. एकाही मुलाने तो घरी नेला नाही. गाण्याने तो पोरांच्या तोंडात आणून बसवला, आणि अर्थ समजावून सांगण्याच्या भानगडीतही ते पडले नाही.

हे लिहिताना माझे एक जुने पाप आठवते. आठ वर्षांपूर्वी नालासोपाऱ्याच्या एका विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या वार्षिकासाठी विरार लोकलवर रॅप लिहून दिला होता. चौथी सीट, दारातला दांडा, उतरू न देणारी गर्दी, सगळे त्यात होते. 'यमके फार, काव्य कमी' असा लाल शाईत शेरा मारून मी कागद परत केला आणि तासावर गेलो. तास कशाचा होता? मोरोपंतांचा! ज्यांच्या यमकांवर मी परीक्षेत आठ गुणांचा प्रश्न काढतो, त्या मोरोपंतांचा. तो मुलगा पहिल्याच बाकावर होता. काही बोलला नाही.

तोच त्या हळदीत भेटला. "सर, ओळखलंत?" नवरदेवाचा मित्र. पुढच्या रविवारी घरी आला तो कराराचा कागद घेऊन. एक कंपनी त्याचे गाणे घेत होती. एकरकमी दहा हजार रुपये आणि सर्व हक्क कायमचे कंपनीकडे. "सर, जरा वाचून सांगा." करार इंग्रजीत होता, पण गाणे मराठीत, म्हणून त्याला मी आठवलो.

मी त्याला एक गोष्ट सांगितली. १९७९ साली अमेरिकेत 'रॅपर्स डिलाइट' हे गाणे निघाले. तिकडच्या पहिल्या चाळीसांत शिरलेले ते पहिले रॅप गाणे. रॅपला बाजार मिळाला तो त्याच्यापासून. त्यात एका गायकाने म्हटलेले शब्द ग्रँडमास्टर कॅझ या दुसऱ्याच कवीच्या वहीतले होते. उचलताना इतकी घाई झाली, की कॅझचे टोपणनावसुद्धा तसेच गायले गेले! संगीत 'शीक' या मंडळींच्या 'गुड टाइम्स'वरून घेतले होते. त्यांनी कायद्याचा बडगा उगारला आणि आपली नावे गाण्यावर घालून घेतली. वहीच्या धन्याला ना श्रेय मिळाले, ना पैसा.

"मग मी काय करू?" तो म्हणाला.

आता गाण्याची तबकडी विकली जात नाही. स्पॉटिफायवर कुणी तीस सेकंद ऐकले, की एक ऐकणे मोजतात. त्या मोजणीवर थेंब थेंब पैसा येतो. थेंब लहान, पण गाणे चालले तर तो वर्षानुवर्षे गळत राहतो. म्हणून दहा हजारांच्या आकड्यापेक्षा 'कायमचे' हा शब्द महाग. आपल्याकडे २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आहे. गीतकाराने हक्क विकले, तरी रॉयल्टीतला समान वाटा मागण्याचा त्याचा अधिकार शाबूत राहतो. हे एखाद्या वकिलाकडून कागदावर चढवून घे, नाव छापायला लाव आणि मगच सही कर, असे मी त्याला सांगितले.

जाताना त्याने विचारले, "सर, गाणं कसं वाटलं?" गाणे तेच होते, विरार लोकलचे. यमके तितकीच, दोन वाढली असतील. त्याने टेबलावर बोटे वाजवीत ते म्हणून दाखवले. मी पेन उचलले, तसा तो जरा दचकला. गाण्याला मी हात लावला नाही. करारातल्या 'कायमचे' या शब्दाखाली मात्र दोन जाड रेघा ओढल्या, तांबड्या शाईने.