बाकांना रंग कुठला द्यायचा?

मार्चमधल्या एका शनिवारी रेडिंगला ताईकडे गेलो होतो. (ताई म्हणजे मावसबहीण. आणि रेडिंग म्हणजे लंडनच्या पश्चिमेचं ते गाव, जिथे दर तिसऱ्या घरात कुणीतरी आयटीवाला कुकरच्या शिट्ट्या मोजत असतो.) दार उघडलं तर भाची जिन्यात बसलेली, पायात गमबूट, तोंड फुगवलेलं. वय वर्षं आठ. इथल्या भाषेत 'इयर फोर'.

"काय झालं गं?"
"मामा, आम्हाला बाकांचा रंग विचारला."

आता यात रागवण्यासारखं काय, मला कळेना. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बाईसाहेब शाळेच्या कौन्सिलमध्ये वर्गाच्या प्रतिनिधी आहेत. शाळेमागे एक रानटी तुकडा आहे. गुडघाभर गवत, एक कुजलेला ओंडका, कायम साचलेलं एक डबकं. तिथे प्लॅस्टिकची हिरवळ घालायचं ठरलं होतं आणि कौन्सिलला विचारलं होतं की कडेच्या बाकांना लाल, निळा, पिवळा यातला कुठला रंग द्यायचा. हिने हात वर करून विचारलं, "पण हिरवळ हवी का, हे कुणाला विचारलं?" उत्तर आलं, ते आधीच ठरलंय.

मला आधी जाम हसू आलं. कारण हे तर आमचं रोजचं आहे! स्कोप फ्रीज झाला, कोड लिहून झाला, बजेट संपलं, की मग युजरला सन्मानाने बोलवायचं आणि विचारायचं, बटण निळं हवं की हिरवं? त्याने "मुळात ही स्क्रीनच कशाला?" असं विचारलं की त्याच्याकडे असं बघायचं जणू त्याने लग्नात जेवताना हुंड्याचा विषय काढला.

थोडं शाळेबद्दल. ही चर्च ऑफ इंग्लंडची प्राथमिक शाळा आहे. आपल्या डोक्यात लगेच 'कॉन्व्हेंट' येतं. टाय, फी, डोनेशन, मराठी बोललास तर दंड. इथे तसं नाही. सरकारी कायदा यायच्या (१८७०) कितीतरी आधी, १८११ मध्ये चर्चवाल्यांनी गरिबांच्या पोरांसाठी शाळा काढायला नॅशनल सोसायटी स्थापन केली, त्या परंपरेतल्या साधारण ४६०० शाळा आज इंग्लंडमध्ये आहेत. खर्च सरकार करतं, फी शून्य. रोज सामूहिक प्रार्थना असते, पण आईवडिलांनी सांगितलं तर मुलाला त्यातून वगळावंच लागतं, तसा कायदा आहे. ताईने सांगितलं नाही. म्हणाली, आपणही शाळेत हात जोडून उभे राहायचोच की, तेव्हा कुठे कोण विचारायला आलं होतं!

तर या शाळेत दर शुक्रवारी दुपारी 'फॉरेस्ट स्कूल' असतं. कल्पना मूळची डेन्मार्ककडची. १९९३ मध्ये सॉमरसेटमधल्या ब्रिजवॉटर कॉलेजची माणसं तिकडच्या बालवाड्या बघून आली आणि इथे तसं सुरू केलं. यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही सहल नव्हे. तीच जागा, तीच मुलं, पुन्हा पुन्हा, पावसात आणि थंडीतसुद्धा.

मी एकदा सुट्टी टाकून मदतीला गेलो होतो. झिमझिम पाऊस. पोरं रेनकोट घालून ओंडक्यांच्या गोलात बसलेली, मधे शेकोटी. बटाटे सोलायच्या सोलाण्याने काठीची साल काढत होती. एक मुलगा ओंडका कलता करून खालचे किडे मोजत होता आणि बाकीच्यांना चक्क ऑर्डरी सोडत होता, "इथे पाय नको, तिकडून ये." भाची कानात म्हणाली, हा वर्गात बोलतच नाही. शेवटी सगळे एक मिनिट गप्प बसले, मग बाईंनी दोन ओळींची प्रार्थना म्हटली. एक पोरगी विचारते, "देवाने त्या चिकट बिनशंखाच्या गोगलगायी कशाला केल्या?" बाई म्हणाल्या, "मलाही माहीत नाही. तुला काय वाटतं?" मला त्या बाई तिथेच आवडल्या.

आणि हेच मला खटकलं. गोगलगायीबद्दल मत विचारता, देवाबद्दल विचारता, मग जमिनीबद्दल का नाही? वर्षभर दर शुक्रवारी पोरं त्या तुकड्यात असतात. डबकं कधी आटतं, ओंडक्याखाली कोण राहतं, कुठल्या कोपऱ्यात मोठी मुलं दादागिरी करतात, हे त्यांना ठाऊक. ठरवणारे लोक तो तुकडा खिडकीतून बघतात. इथे डोमेन एक्स्पर्ट कोण, तुम्हीच सांगा. मुलांना बाहेर न्यायचं आणि बाहेरच्या जागेबद्दल त्यांचंच ऐकायचं नाही, म्हणजे अर्धीच गोष्ट झाली. त्यातून प्रत्येक मूल देवाला मोलाचं आहे असं रोज सकाळी सांगणारी शाळा असेल, तर तिला तरी ही सूट मिळू नये.

हे माझंच डोकं नाही. रॉजर हार्ट नावाच्या माणसाने १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्या तो सहभागात धरतच नाही. त्यातली एक म्हणजे मुलांना शोभेसाठी उभं करणं, दुसरी नावापुरतं विचारणं. बाकांचा रंग बरोबर तिथे बसतो. बालहक्क करारातलं (१९८९) कलम १२ तर सरळ सांगतं की मुलाशी संबंधित गोष्टीत त्याचं मत वयानुसार आणि समजेनुसार विचारात घ्या. करार ब्रिटननेही मान्य केलाय, भारतानेही. वेल्समध्ये शाळेत कौन्सिल असणं कायद्यानेच सक्तीचं आहे, इंग्लंडमध्ये नाही. पण सक्ती करूनही बाकांचा रंगच विचारता येतो, तो भाग वेगळा.

तुम्ही म्हणाल, मग काय आठ वर्षांच्या पोरांना विचारून शाळा चालवायची? ताईही हेच म्हणाली. तिचा जीव जूनमधल्या पाढ्यांच्या परीक्षेत अडकला होता. (चौथीच्या सगळ्या मुलांना द्यावी लागते, २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद. पुण्यातल्या आज्या ऐकून खूश होतील.) आणि खरं सांगायचं तर शाळेची बाजू अगदीच लंगडी नव्हती. नोव्हेंबर ते मार्च त्या तुकड्यात नुसता राडा असतो. व्हीलचेअरवरच्या एका मुलीला तिथे जाताच येत नाही. हिरवळ घातली की तीही येईल, हे कारण ऐकून मी गप्प झालो होतो.

तरी ताईने एक ईमेल टाकलं. ओरडा करणारं नाही, फक्त भाचीचा प्रश्न जसाच्या तसा. हेडमास्तरीणबाईंनी, हे त्यांचं मोठेपण, कौन्सिलच्या पोरांना सांगितलं की गव्हर्नर मंडळींना तो तुकडा तुम्हीच दाखवा. पोरांनी पावसाचाच दिवस निवडला :-) आणि तिथे कळलं की त्या व्हीलचेअरवाल्या मुलीला कुणी काही विचारलंच नव्हतं. तिला हिरवळ नको होती. तिला ओंडक्यापर्यंत जायला रस्ता हवा होता.

सगळं काही पोरांच्या मनासारखं झालं नाही. अर्ध्या तुकड्यावर हिरवळ आली, फुटबॉलवाली पोरं अजून तणतणतात की पूर्ण का नाही. मागचा भाग राहिला, आणि तिथवर पक्का रस्ता झाला. पण हेडमास्तरीणबाई कौन्सिलमध्ये परत गेल्या आणि काय मानलं, काय नाही आणि का नाही, हे समोर बसून सांगितलं. मला विचाराल तर सगळ्यात मोठी गोष्ट ती. आमची किती तिकिटं एका शब्दाशिवाय 'क्लोज्ड' होतात, आठवून बघा.

माझ्या शाळेत 'मुलांचा आवाज' म्हणजे वर्गप्रमुख, आणि त्याचं काम बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणं. दोन वर्षं मीच लिहायचो. त्याच महाराष्ट्रात कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाहिलं की आदिवासी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, आणि शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळा. मुलं का येत नाहीत हे आधी ऐकलं, मग शाळा बाहेर गेली. मला हे इंग्लंडला येऊन आठवावं, असो.

परवा ताईकडे गेलो तर सातचा पाढा चालू होता. भाची म्हणाली, पाढे मागच्या अंगणात झाडावर बसून म्हणते. ताई म्हणाली, नाही.

"ठीक आहे," भाची म्हणाली, "पण का नाही, ते सांग."

ताईने माझ्याकडे रागाने बघितलं.